खळीने चिकटलेला धबधबा

जिजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. जिजी म्हणजे माझी मोठी जाऊ. रडू यायच्या आधी मला तिचं खदखदा हसणंच ऐकू आलं… काय करू, बाईच तशी होती!

डिंडोलीतल्या तिच्या घरात पहिल्यांदा कानबाई देवी बसणार होती, त्या वर्षीच्या श्रावणातली ही गोष्ट. आम्हा खानदेशी लोकांत कानबाई ज्या घरी बसते तिथे सगळे भाऊबंद गोळा होतात. जिजी किती वर्षं वाट बघत होती! आणि गावाहून आलेल्या आत्यांनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, पाऊल टाकताच फर्मान काढलं, "भिंतीवर कागद? बाईच्या मागं चुन्याची कोरी भिंत पाहिजे. नाही तर बाई नवागामला, चुलत्याकडं बसंल."

कागद म्हणजे वॉलपेपर, त्यावर भलामोठा धबधबा आणि राजहंस. भाऊजी, म्हणजे जिजीचा नवरा, यंत्रमागाच्या सुताला खळ लावायच्या कामावर. त्यांनी दुकानातला गोंद न आणता कारखान्यातलीच खळ थापली होती, वर "कागद फाटेल, सुटणार नाही" अशी फुशारकी! झालं. आम्ही दोघींनी जुन्या साड्या गरम पाण्यात बुडवून भिंतीला चिकटवल्या, उलथण्याने खरवडलं. धबधब्याच्या चिंध्या आमच्या केसांत. जिजी म्हणाली, "अगं, आपणच भिजलो, हा मेला कोरडाच!" हसता हसता दोघी खालीच बसलो. पण संध्याकाळी ताटाएवढा तुकडा उरला, त्यात राजहंस. काही केल्या निघेना. जिजीचं हसू तेव्हा पहिल्यांदा मावळलं.

आत्या आल्या. जिजीने पदर सावरला. "आत्या, सगळं काढलं, एवढंच राहिलं. बाईला नेऊ नका हो…" आत्यांनी नखाने खरवडून पाहिलं. "खळ कोन्ही लाई?" भाऊजींनी चोरासारखा हात वर केला. आत्या अशा हसल्या की डोळ्यांत पाणी! "मंग बाई बी अशीच चिकटू दे या घराले. लावा चुना!" रात्रभर गाणी झाली. जिजी नाचली, भाऊजींनाही नाचवलं.

परवा तिच्या घरी गेले. भिंतीवर चुना, मग रंग, मग आणखी रंग. तरी हात फिरवला की तो तुकडा बोटांना लागतो. मी तिथेच हात ठेवून उभी राहिले… फार आठवण आली. तिचा मुलगा म्हणाला, "काकू, घर रंगवायला काढतोय. हे घासून काढू का?"

म्हटलं, "काढ की! तुझ्या आईला जमलं नाही, तुला काय जमणार!"