खलनायकांची पाठराखीण

जगातल्या यच्चयावत खलनायकांवर आमच्या अक्कानं जेवढी माया केली, तेवढी त्यांच्या सख्ख्या आयांनीही केली नसेल. अक्का म्हणजे माझी चुलत बहीण. वयानं माझ्याहून मोठी आणि आवाजानं गावाहून मोठी. संध्याकाळी टीव्हीवर मालिका लागली, की नायकाकडे ती ढुंकूनही बघत नसे. तो रडायला लागला की ही भाजीचं मीठ बघायला उठायची. पण डोळे बारीक करून हसणारा कुणी काळ्या शर्टातला आला, की लगबगीनं परत येऊन, "आला बग माझा वाघ. वाळलाय रे लई!" म्हणायची. त्या मालिकेतल्या बाणेदार, तत्त्वाच्या पोरीनं ह्याच माणसाशी लग्न करावं, असं तिचं ठाम मत. मी एकदा विचारलं, "कामून पण, अक्का? नायक काय वाईट हाय?" तर म्हणाली, "त्याच्यात दुरुस्त करायला काय शिल्लक हाय? असल्या गड्याशी लगीन करून पोरीनं दिवसभर करावं काय?"

भालकीच्या वाचनालयातून तिच्यासाठी कादंबऱ्या आणायचं काम माझ्याकडे होतं. अक्का शेवटची पानं आधी वाचायची आणि खलनायक मेलेला निघाला, तर पुस्तक तसंच माझ्या हातात द्यायची. "मेलाय ह्यात. बदलून आण." वाचनालयातल्या बाईंना मी एकदा भीत भीत "खलनायक जिवंत असलेलं काही आहे का?" असं विचारलं, तेव्हा चष्म्यावरून त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर कपाटाआड उभं राहून शेवटची पानं मीच चाळू लागलो. माझं वाचन त्यामुळे अफाट आहे; फक्त एकाही कादंबरीची सुरुवात मला ठाऊक नाही.

आणि ही बाई स्वतः इतकी सचोटीची, की तिच्याबरोबर प्रवास करायची धास्ती वाटावी. बिदरच्या बसमध्ये मांडीवरच्या नातवाचं तिकीट तिनं मागून घेतलं. कंडक्टर म्हणाला, "अक्का, लेकराला तिकीट न्हाई." झालं! "वय इचारलास काय त्याचं?" म्हणून तिनं त्याला पोराच्या जन्माची साद्यंत हकीकत ऐकवली. पोरगं खरंच तिकिटाच्या वयाचं निघालं. कंडक्टर ओशाळला, आणि त्याच वयाच्या माझ्या पोराला मांडीवर घेऊन शेजारी बसलेला मी खिडकीबाहेरचा ऊस बघू लागलो.

ह्या सगळ्याच्या मुळाशी होते आमचे दाजी, म्हणजे अक्काचे मालक. मांजर उंबऱ्यात झोपलेलं असलं तर ते उठेपर्यंत बाहेर थांबणारा माणूस. पण देवानं भुवया जाड दिल्या आणि आवाज घागरीतून आल्यासारखा, त्यामुळे जत्रेतल्या नाटकात खलनायक कायम तेच. नाटक लिहायचो मी. नायक, मंडपाचा खर्च जो करील तो. नायिका उदगीरहून आणलेली. तिला हाताला धरून ओढून नेताना दाजी हळूच विचारत, "लागलं न्हाई ना, ताई?" आणि ते माईकवरून मागच्या रांगेपर्यंत जाई. शेवटी नायक त्यांना ठार मारी, चार गडी त्यांना उचलून पडद्याआड नेत, आणि लोक टाळ्या पिटत. अक्का पुढच्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसलेली असे.

मग दाजींच्या छातीचं दुखणं निघालं. बिदरच्या डॉक्टरांनी जागरण बंद केलं आणि नाटकाचं नाव काढू नका म्हणाले. दाजींनी आणखी एकदाच म्हणून हट्ट धरला. अक्कानं मला बोलावून घेतलं. "दुपारी करायचं नाटक. ह्यांना मारायचं न्हाई. त्या बाईनं ह्यांच्याशीच लगीन करायचं."

"अक्का, ती तत्त्वाची बाई हाय. ह्यांनी तिच्या बापाचं शेत बळकावलंय."

"ते तू बग. दरसाल ह्यांना उचलून नेताना बगते मी. आता न्हाई सोसत रे. एकदा तरी सोताच्या पायानं खाली येऊ दे."

मला नकार देता आला नाही. जत्रेच्या दिवशी दुपारच्या रखरखत्या उन्हात नाटक सुरू झालं. अमावास्येच्या रात्रीचा प्रवेश होता. कंदील धरून दाजी घाम पुसत वाट शोधत होते. शेवटी खलनायकानं एक करुण संवाद म्हणायचा आणि नायिकेनं विरघळून माळ उचलायची, अशी सोय मी केली होती. तिनं माळ उचलली, आणि पुढच्या रांगेतून आवाज आला, "थांब गं बाई! एवढ्यात कामून हो म्हणायलीस? शेत दिलाय काय त्यानं?"

दाजी, घरच्या सवयीनं, "देतो म्हणलो की."

"कवा?"

"उद्या."

"आज द्या. समद्यांसमोर!"

"हौ, आज दे!" बायकांची अख्खी बाजू ओरडली. मी विंगेत डोकं धरून उभा. उदगीरची ताई मात्र हुशार, माळ मागं घेऊन म्हणाली, "शेत माझ्या बापाच्या हाती गेल्याबिगर ही माळ पडायची न्हाई." माझ्या साऱ्या नाटकात एवढं चांगलं वाक्य नव्हतं. पण बाप पहिल्याच अंकात शेताच्या दुःखानं वारला होता. तो प्रेक्षकांत चहा पीत बसला होता. लोकांनी त्याला उठवून, जिवंत करून वर चढवलं. दाजी त्याच्या पाया पडले. "चुकलो, अप्पा. तुमचं शेत तुम्हाला." मग माळ पडली. आमच्याकडे स्टेजवरच्या लग्नालाही अक्षता टाकतात. अक्काही टाकायला उठली. नवऱ्याच्या अंगावर तिनं अलगद टाकल्या. ताईच्या अंगावर मात्र जरा जोरातच.

दाजी फळ्यांच्या पायऱ्या धरून, एकेक करत, आपले आपण उतरले. शेवटच्या पायरीशी अक्का उभी होती. "सावकाश. मिशी सुटलीय." मग दोघं मंडपातून चालत घरी गेले. मारायला कुणी न उरलेला नायक काठी उगारून कितीतरी वेळ तसाच उभा होता.

पुढच्या जत्रेला दाजी नव्हते. खलनायकाचं काम गल्लीतल्या एका तरण्या शेतकऱ्यानं घेतलं. अक्का येणार नाही, असं मी धरून चाललो होतो. पण ती आली, आपल्या जागी बसली, आणि मागं अवघडून उभ्या असलेल्या त्या शेतकऱ्याच्या नव्या नवरीला तिनं हाताला धरून शेजारी बसवून घेतलं. शेवटचा अंक आला. काठ्या निघाल्या. पोरीनं पदर तोंडाशी नेला. मी विंगेतून बघत होतो. अक्का तिच्याकडे जराशी वळली.

"बस गं निवांत," ती म्हणाली. "आमच्या भावानं आता मारायचं सोडलंय."