सबनीसांचे निवडलेले छर्रे

सबनीस गेल्याचं मला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, कळलं. सेम्बावांगला गाडीत बसलो, फोन उघडला, तर आमच्या मराठी ग्रुपवर दोन ओळी... पहाटे झोपेतच, हार्ट अटॅक. खाली जोडलेल्या हातांची ही रांग. मीही हात जोडले, आणि आंग मो किओ आलं तेव्हा उतरलो नाही. त्यांचं घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर. ऑफिसात मीटिंग आहे, असं मी स्वतःलाच बजावलं. कसली मीटिंग! त्या घरात तोंड दाखवायची हिंमत नव्हती, आणि ती गेली सहा वर्षं नव्हती.

विनायक सबनीस तिथल्याच एका कारखान्यात क्वालिटी तपासायचे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. एअर रायफलच्या क्लबात मला त्यांनीच ओढून नेलं. "दिवसभर स्क्रीनकडे डोळे फाडून बघतोस, जरा दहा मीटरवरच्या ठिपक्याकडे बघ!" या देशात बंदूक आणि छर्रे दोन्ही क्लबातच कुलपात राहतात, घरी एक छर्रासुद्धा नेता येत नाही. म्हणून शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन सबनीस टेबलाशी बसायचे आणि तांदूळ निवडावेत तसे छर्रे निवडायचे. लहानपणी साताऱ्याकडे मामाच्या एअरगनने त्यांनी पारवे मारले होते. ते म्हणायचे, "शिकारीला गोल डोक्याचा, जरा वजनदार घ्यावा, पाखरू तडफडता कामा नये. कागदाला चपट्या डोक्याचा. भोक कसं स्वच्छ गोल पडतं, गुण मोजताना भांडण नको." मग चार कंपन्यांचे डबे आणायचे, बंदूक टेकवून प्रत्येकातले दहा-दहा छर्रे वेगवेगळ्या कागदांवर मारायचे आणि ज्याची भोकं सगळ्यात जवळजवळ पडली तो डबा ठेवायचे. "महाग कुठला ते विचारू नकोस रे, तुझ्या बंदुकीला कुठला मानवतो ते बघ." त्या डब्यातलाही एकेक छर्रा बोटांत फिरवून पाहायचे. मागचा पातळ घेर जरासा चेपलेला दिसला की त्याची रवानगी बाजूच्या झाकणात. आणि एक नियम होता त्यांचा... एकदा निवडला की पुन्हा बघायचा नाही. नेम धरताना छर्र्यावर शंका घेतली की माणूस गेलाच म्हणून समजा.

क्लबाच्या टीमसाठी निवड होती त्या सकाळी त्यांनी निवडलेला डबा माझ्यापुढे ठेवला, "पराग, लक्ष ठेव," म्हणाले आणि नेमबाजीचं जाड जाकीट चढवायला आत गेले. मी फोनवर. आमचा सर्व्हर बसला होता आणि मॅनेजर तावातावाने बोलत होता. मीही तावातावाने हात उडवला... डबा आणि झाकण, दोन्ही खाली. सिमेंटवर चांगले आणि टाकाऊ छर्रे एक झाले. मी गुडघ्यांवर बसून सगळे गोळा केले, फुंकर मारली आणि डब्यात भरले. शिसंच तर आहे, काय फरक पडतोय! असा विचार खरंच आला माझ्या मनात, लाज वाटते लिहायला. सबनीस आले. मी बोललो नाही. त्यांनी डबा उचलला आणि नियमाप्रमाणे एकही छर्रा तपासला नाही.

नऊ-दहाच्या खाली न उतरणारा माणूस त्या दिवशी मधूनच आठ, मधूनच सात मारत होता. शेवटी चष्मा काढून पुसत राहिले. "डोळे गेले रे माझे." मी म्हटलं, "होतं असं एखाद्या दिवशी, चला, कॉफी घेऊ." त्यावेळी सांगायला काय झालं होतं? फार तर चार शिव्या दिल्या असत्या, आणि पुन्हा संधी मागता आली असती. पण मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी डोळे ठीक आहेत म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "कागद खोटं बोलत नाही." महिन्याभरात क्लब सोडला त्यांनी. पुढे खाण्याच्या गाळ्यांपाशी, हॉकर सेंटरवर दिसले, की मी दुसऱ्या बाजूने जायचो.

परवा, पंधरा दिवस उलटल्यावर, वहिनींना भेटायला गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. चहा ठेवता ठेवता त्याच म्हणाल्या, "भाऊजी, मला एकाच गोष्टीची खंत आहे. त्या मॅचनंतर ते नुसते घुम्यासारखे बसायचे. एक दिवस मी वैतागून म्हटलं, डोळे गेलेत आता तुमचे, द्या सोडून तो नाद. दुसऱ्याच दिवशी जाऊन नाव काढून आले. मी असं बोलायला नको होतं हो..." आणि त्या रडायला लागल्या. मी काय केलं? "तुमचा काय दोष, वहिनी," असं पुटपुटलो, बशीतला चिवडा संपवला आणि खाली उतरलो. भेकड म्हणतात तो हाच!

तोंडावर बोलायची धमक नाही म्हणून इथे लिहितोय. वहिनी, तुमच्या बोलण्याने नाही, माझ्या गप्प बसण्याने सुटला त्यांचा तो नाद. हे छापून येईल त्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी तुमच्या दारात उभा असेन. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. फक्त एवढं मात्र ऐका... त्यांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं.