साडूंचा मांडव आणि सरकारची जिलबी

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत कर भरताना प्रसन्न दिसणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि दुर्दैवाने तो माझा साडू आहे. दुर्दैवाने अशासाठी, की मी स्वतः कर सल्लागार आहे. शहापुरात माझं एका खोलीचं ऑफिस आहे आणि लोकांच्या चेहऱ्यावरची काळजी हेच माझं भांडवल आहे. प्रसन्न माणूस आमच्या धंद्याला चालत नाही.

साडू किन्हवलीचे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे यजमान. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला साडू म्हणतात. पंचक्रोशीत लग्नाचा मांडव म्हटलं की त्यांचंच नाव निघायचं. या धंद्याने त्यांची नजर कायमची बिघडवली आहे. कोणाच्याही घरी गेले की यजमानाकडे बघायच्या आधी ते वर आढ्याकडे बघतात. बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून कापड पारखतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तर ती उलटी करून चारही पाय तपासल्याशिवाय बसत नाहीत. त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला मुरबाडकडे गेलो होतो, तिथेही त्यांनी भर बैठकीत खुर्ची पालथी घातली आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले, "खुर्ची उन्हात ठेवता वाटतं. पाय चिरलाय. जाड माणसाला देऊ नका." आम्ही सगळे जमिनीत जायच्या बेतात. मुलीच्या वडिलांनी मात्र लग्न तिथेच पक्कं केलं. दुसऱ्याच्या खुर्चीची एवढी काळजी करणारी माणसं आपल्या पोरीला जपतील, असा त्यांनी हिशेब केला म्हणे.

असा हा चौकस माणूस, पण कराच्या बाबतीत कित्येक वर्षं मुका होता. दर तिमाहीला मी फोन करायचो, "दादा, ओटीपी आलाय बघा." ते कुठल्या तरी दारात शिडीवर चढलेले असायचे. तिथूनच मोठ्याने आकडे सांगायचे. खालच्या वऱ्हाडालाही ते ऐकू जायचे. एकदा एका नवरदेवाच्या मामाने ते घाईघाईने हातावर लिहून घेतले होते, जेवणाच्या कुपनाचा नंबर असेल म्हणून. कर किती, का, कशावर, हे साडूंनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

आता लिहायलाच बसलो आहे तर खरं लिहितो. छोट्या धंद्यांसाठी जीएसटीत एक सोपी योजना असते. एकूण उलाढालीवर ठरलेला थोडासा कर स्वतःच्या खिशातून भरायचा, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नाही, बिलावर दाखवायचा नाही. साडूंना मी तीत बसवलं होतं. तिच्यात कागद कमी लागतात. त्यांना कमी, आणि मलाही कमी. दोन्हींपैकी कोणता विचार माझ्या मनात आधी आला होता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

दरम्यान रस्त्याच्या कडेने लॉन आणि हॉल उभे राहिले. दारातले मांडव दर वर्षी कमी होऊ लागले. साडूंची गोदामं भरलेली आणि माणसं रिकामी. अशात मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने त्यांना बोलावलं. वर्षभरातले सगळे कार्यक्रम, सगळे मांडव एकाच माणसाला. ते काम मिळालं तर धंदा तगणार होता, नाहीतर बांबू विकायची वेळ येणार होती. दर ठरला, चहा झाला, आणि तिथल्या साहेबांनी विचारलं, "बिलावर टॅक्स लावून देणार ना? आम्हाला तो वजा मिळतो. तुमचं रजिस्ट्रेशन कुठल्या प्रकारचं आहे?" साडूंना स्वतःच्या धंद्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. साहेब म्हणाले, "विचारून या. थांबतो मी थोडे दिवस."

साडू तिथून थेट माझ्या ऑफिसात आले. खुर्ची न तपासता बसले, तेव्हाच मी समजलो.

"साडू, आपण कर भरतो ना?"

"भरतो की. पण आपल्या योजनेत तो बिलावर लावता येत नाही."

"मग बिलावर का नाय लावता येत?"

माझं ठेवणीतलं उत्तर तयार होतं. "दादा, ते तुम्हाला नाही कळायचं."

ते रागावले नाहीत. माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली. मग म्हणाले, "मला कळत नाय का तुमाला सांगता येत नाय? दोन्हीचा इलाज येगळा हाय, म्हून इचारतो."

त्या दिवसापासून साडूंनी माझ्याकडे शिकवणी लावली. सकाळी येत, डब्यातली भाकरी मलाच देत आणि विचारत राहत. लग्नघरातून मानाचा टॉवेल-टोपी मिळतो तो उत्पन्नात धरायचा का? एकाने भाड्याऐवजी तांदूळ दिले, त्यावर कर द्यायचा तो पैशात की तांदळात? माझी बाकीची गिऱ्हाइकं कान देऊन ऐकू लागली आणि मी अस्वस्थ झालो. गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर आपला नसतो, हे मी त्यांना तासभर कलमं वाचून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे पंगतीतला वाढपी. जिलबीची परात माझ्या हातात हाय, पण जिलबी सरकारची. मी मधीच तोंडात टाकली तर बोंब होनारच." तेव्हापासून मी नव्या गिऱ्हाइकांना हेच सांगतो. साडूंचं नाव घेत नाही.

शिकता शिकता ते गेल्या वर्षीच्या उलाढालीच्या आकड्यापाशी अडले. "गेल्या साली एवढे मांडव कुठं घातले मी?"

मी कबूल केलं. त्यांना शिडीवरून उतरवून आकडे विचारण्याचा कंटाळा म्हणून मी त्यांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरचे मांडवांचे फोटो मोजायचो आणि त्याला दराने गुणायचो.

"त्यातले निम्मे भावकीचे, साडू. भावकीच्या मांडवाचे आमी पैशे घेत नाय. उलट आहेर घालून येतो."

न मिळालेल्या पैशांवर हा माणूस वर्षानुवर्षं कर भरत होता, तोही हसत. मला वाटलं, आता उठतील आणि पुन्हा येणार नाहीत. मी तसं म्हणालोही. "दुसरा सल्लागार बघा दादा."

"तुमी कुठं चुकता ते मला आता म्हाईत झालंय," ते म्हणाले. "नवीन मानूस कुठं चुकंल ते शोधन्यात परत जनम जायचा. बसा. पुढचं सांगा."

पुढचं अवघड होतं. कारखान्याचं काम हवं तर सोपी योजना सोडावी लागणार होती. मग त्या कामासाठी घ्यायच्या नव्या लोखंडी सांगाड्यावर भरलेला कर वजा मिळणार होता, हिशेबाने ते फायद्याचंच होतं. पण बिलावर कर सगळ्यांनाच लावावा लागणार होता. कारखान्याला तो वजा मिळतो, किन्हवलीच्या शेतकऱ्याला नाही. त्याला मांडव तेवढा महाग. मी आमच्या धंद्यातली नेहमीची वाट सुचवली, "गावातली लग्नं ताईंच्या नावावर करू. दुसरा छोटा धंदा दाखवू, त्याला कर लागणार नाही."

"खुर्च्या त्याच ना?"

"त्याच."

"मग खुर्चीला कसं कळनार आज ती कोनाची? आनि कोनी इचारलं तर मी तोंड कसं देनार? आत्ताशी कुठं उत्तरं द्यायला शिकलोय."

त्यांनी कारखान्याचं काम घेतलं. मग दारोदार जाऊन, ज्यांच्या घरी लग्नं ठरली होती त्यांना स्वतः समजावलं, की उद्यापासून एवढे जास्त पडतील, ते का पडतील आणि कुठे जातील. शेवटी म्हणाले, "परवडत नसलं तर दुसऱ्याकडं जावा, मला राग नाय." काहींनी जिलबीची गोष्ट ऐकून हसून मान डोलावली. बरेच जण दुसऱ्याकडे गेले. आता साडू स्वतःचे आकडे स्वतः काढतात, मी फक्त नजर टाकतो. कारखान्याचे साहेब त्यांना मानतात. ताईंनी घर रंगवायला काढलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याच आळीत लग्न होतं. मांडव दुसऱ्या कोणाचा होता. आम्ही दोघे पाहुण्यांसारखे पुढच्या ओळीत बसलो होतो, हातात सरबत. साडूंनी इकडचं तिकडचं बोलत तो प्याला संपवला. मग वारा आला आणि कडेचा पडदा फडफडायला लागला. मांडववाल्याची पोरं जेवायला बसली होती. साडू उठले, चपला काढल्या, खांबापाशी जाऊन त्यांनी सैल पडलेली दोरी ओढून आवळली आणि परत येऊन बसले.

"दादा, राहू द्यायचं होतं," मी म्हणालो.

"पोरगी आपल्या आळीतली हाय," ते म्हणाले आणि अक्षता घ्यायला हात पुढे केला.