फुटलेल्या मशीनमधून पॅकेटं येत राहिली

दिलीप खरात. राहणार दहिवडीजवळची एक धनगरवस्ती, तालुका माण. १९९८ च्या खंडेनवमीला, भर दुपारी, सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये त्याच्या उजव्या हाताची बोटं पान्ह्यानं ठेचली. डावा डोळा गेला. जबडा मोडला. आणि आज कोर्टात आरोपी कोण? दिलीप खरात! म्हणे त्यानंच संस्थेचं मशीन फोडलं!

हे आधी लिहितोय, कारण या सदरात लोक भुतं वाचायला येतात. या. पण आधी एवढं वाचा.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. नुसता नव्हता नाही – त्याविरुद्ध मी पत्रकं काढलीत. लिंबातून रक्त कसं काढतात ते चौकाचौकात करून दाखवलंय, बुवांच्या भक्तांचा मार खाल्लाय. त्यामुळे पुढचं लिहिताना हात अडखळतो... पण घडलं ते घडलं.

भांडण मशीनवरून नव्हतंच, पत्रकावरून होतं. आमच्या संस्थेची दोन कॉलेजं – एक साताऱ्याकडे, एक आमचं, कुंडलच्या रस्त्याला. तपासणी समिती साताऱ्यात आली की आमचे कॉम्प्युटर टेम्पोत बसून साताऱ्याला. समिती आमच्याकडे आली की तेच कॉम्प्युटर परत. मधल्या काळात पोरांनी फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचे! एकाच वर्गातल्या आम्ही दोघांनी, मी आणि दिलीपनं, पत्रक काढलं – 'कॉम्प्युटरची वरात'. लिहिलं मी, वाटलं दोघांनी. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे 'दादा' म्हणतात. दादांनी निरोप धाडला, "पोरांना समजावा." समजावण्याचा अर्थ आम्हाला नंतर कळला.

आता मशीनबद्दल, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन लॅबची नेटवर्कं जोडायला कंपनीचा राऊटर संस्था घेत नव्हती. दिलीपनं भंगारात टाकलेला एक जुना ४८६ कॉम्प्युटर उचलला, त्यात दोन नेटवर्क कार्डं बसवली आणि स्वतः प्रोग्रॅम लिहिला – पॅकेट फॉरवर्डर. तो मला असं सांगायचा: "कराडचा स्टँड हाय बघ गड्या. सांगलीच्या गाडीतनं मानूस उतरला, पाटी वाचली, साताऱ्याच्या गाडीत बसवला. झालं!" माणसाच्या जागी पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा. एका कार्डातून आत, पत्ता वाचून दुसऱ्या कार्डातून बाहेर.

हा स्टँड गर्दीत टिकतो का, हे बघायला ट्रॅफिक जनरेटर लागतो. म्हणजे खोटी गर्दी तयार करणारा दुसरा कॉम्प्युटर. तो धडाधड पॅकेटं सोडतो, प्रत्येकावर नंबर टाकून. पलीकडचा तिसरा कॉम्प्युटर ती मोजतो – किती आली, मधली किती गळाली. जनरेटर आणि फॉरवर्डर दिलीपकडे, पहिल्या लॅबमध्ये. मोजणारा माझ्याकडे, व्हरांड्यापलीकडच्या दुसऱ्या लॅबमध्ये. मधे एक लांब निळी केबल, झरोक्यातून काढलेली. दुसरी वाट नाही. एकही नाही.

खंडेनवमी आम्ही मुद्दाम निवडली. त्या दिवशी हत्यारं, अवजारं पुजायची आणि वापरायची नाहीत – म्हणजे नेटवर्कवर दुसरं कुणी नाही! आमचे लॅब अटेंडंट बापू सुतार सकाळीच सगळ्या कॉम्प्युटरना हळदकुंकू लावून गेले होते. आम्ही मशीन चालू केलेलं बघून म्हणाले, "आवं, आज हत्याराला हात लावत न्हाईत. निजल्यालं असतंय ते."

"बापू, हे हत्यार न्हाई. हमाल हाय," दिलीप म्हणाला. "हमालाला कुटली आलीय सुट्टी?"

बापू हसले आणि खाली वर्कशॉपच्या पूजेला गेले. खाली अंगणात पोरं जमली होती. लेथला झेंडूच्या माळा, पाटावर मांडलेले पान्हे, हातोडे, पाईप.

टेस्ट सुरू झाली. माझ्या स्क्रीनवर आकडा पळत होता. गळालेली: शून्य. मी ओरडलो, "दिल्या, एक पण नाही गळालं!" पलीकडून आवाज आला, "गर्दी वाढवतो, थांब!"

मग, दोनच्या सुमाराला, जिन्यावर पावलं वाजली.

पाच जण होते. हातात खालच्या पाटावरचेच पान्हे आणि पाईप. पान्ह्याला हळदकुंकू तसंच होतं, दांड्याला झेंडूचं फूल बांधलेलं. अवजार वापरायचं नाही म्हणतात ना त्या दिवशी? माणूस फोडायला चालतं!

मी पळत पहिल्या लॅबमध्ये गेलो. एकानं माझ्या गुडघ्यावर पाईप घातला, दोघांनी धरून भिंतीला दाबलं. त्यांचा म्होरक्या दिलीपला म्हणाला, "मेंढरं राखायची सोडून मशीन राखतूस व्हय रं?"

दिलीपला गप्प बसता येत नाही. तो म्हणाला, "मेंढरं तर तुमीच हाय की. दादांची."

पहिला घाव मशीनवर पडला. फॉरवर्डरचा डबा टेबलावरून खाली ओढला, पत्रा फोडला, पाय देऊन कार्डं उपटली. दोन्ही कार्डांचे तुकडे फरशीवर पडलेले मी बघितले. या डोळ्यांनी! केबली लोंबत राहिल्या, त्यांनीच मग दिलीपला बांधला. जनरेटरकडून आलेल्या केबलनं डावं मनगट टेबलाच्या एका पायाला, माझ्या लॅबकडे जाणाऱ्या केबलनं उजवं दुसऱ्या पायाला. मला फरफटत दुसऱ्या लॅबमध्ये टाकलं आणि बाहेरून कडी घातली.

समोर स्क्रीन होता. आकडा पळत होता.

भिंतीपलीकडे घाव पडत होते. पान्हा हाडावर पडतो तेव्हा लाकडासारखा आवाज येत नाही, ओल्या फांदीसारखा येतो. दिलीप आधी शिव्या देत होता, मग आईला हाक मारत होता, मग नुसता आवाज काढत होता. आणि इकडे पॅकेटं येत होती. नंबर ओळीनं. गळालेली: शून्य. मी मोजणाऱ्या मशीनची केबल उपटली – आकडा थांबला. परत लावली – पळायला लागला. म्हणजे स्क्रीन गोठलेला नव्हता. पॅकेटं तारेतूनच येत होती!

मी खिडकीला गेलो. खाली अंगणात पोरं प्रसादाच्या रांगेत उभी. मी जीव तोडून ओरडलो, "वर या! दिलीपला मारतायत!" सगळ्यांनी वर बघितलं. हातात पेढा होता. मग सगळ्यांनी खाली बघितलं.

मारणारे निघून गेले, तरी कुणी वर आलं नाही. बापू सायकलवरून पोलीस चौकीला गेले, तेवढंच. फौजदार आले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. त्यांनी माझी कडी काढली, स्क्रीन बघितला, विचारलं, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "पलीकडं बघा आधी!" पलीकडे हवालदारानं दिलीपच्या मनगटावरची निळी केबल कापली. त्याची "कापली!" अशी हाक भिंतीपलीकडून आली आणि त्याच क्षणी माझ्या स्क्रीनवरचा आकडा थांबला.

दोन तारांच्या मधे मशीन नव्हतं. दिलीप होता. याच्यापुढे मी काहीही म्हणत नाही.

नंतर फुटलेल्याच्या जागी दुसरा डबा घालून तसाच संच जोडून मी शंभरदा बघितलं. मधली केबल काढली की आकडा तिथल्या तिथे थांबतो. पुण्याच्या एका जाणकाराला विचारलं. तो म्हणाला, मोजणाऱ्या मशीनच्या मेमरीत साठलेली पॅकेटं असतील. किती वेळची? "क्षणभराची." दीड तासाची नाही. तो म्हणाला, मग तुझं काहीतरी चुकतंय. चुकत असेल. कुठं, ते त्यालाही सांगता आलं नाही.

पण फौजदारांनी पंचनाम्यात लिहिलं: आम्ही गेलो तेव्हा टेस्ट चालू होती. झालं! संस्थेचा वकील म्हणतो, टेस्ट साडेतीनपर्यंत चालू, म्हणजे मशीन साडेतीनपर्यंत धड. त्या वेळी दादांची माणसं बंगल्यावर पूजेला होती, फोटो आहेत. मग मशीन फोडलं कुणी? दिलीपनंच! तारा गुंडाळून घेऊन नाटक केलं! डोळा पडताना गेला!

आमचा वकील मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू साक्षीत सांग, आकडा दोनलाच थांबला होता. फौजदाराला कॉम्प्युटरमधलं काय कळतं?"

मी मिरजेला दवाखान्यात दिलीपकडे गेलो. जबड्याला तार होती, दातांतून बोलत होता. त्यानं पहिलं काय विचारावं? "किती गळाली?"

"एक पण नाही."

"मग पास झाली की टेस्ट," म्हणाला, आणि हसायला गेला तर कळ आली. मी वकिलाचं सांगितलं. त्याला त्या दुपारचं शिवीपर्यंतचं आठवतं, पुढचं काहीच नाही. मग म्हणाला, "खोटं बोलू नगंस. आल्यालं पॅकेट आलं म्हनायचं. न्हाईतर आपल्यात आन् टेम्पोवाल्यांत फरक काय ऱ्हायला?"

उजव्या हाताला बोटं नाहीत, म्हणून त्याची आई त्याला चमच्यानं पेज पाजत होती. ती म्हणाली, "आवं, त्ये मशीनचं र्‍हाऊ द्या. मारताना बघितल्यालं कोन हाय का न्हाई?"

आहे ना! तुम्ही आहात!

मशीनची साक्ष आमच्याविरुद्ध गेलीय आणि ती का गेली हे मला आजही सांगता येत नाही. मी कोर्टात जे बघितलं तेच सांगणार, तोटा झाला तरी. माझी एकट्याची साक्ष मित्राची म्हणून उडवतील. पण त्या दिवशी अंगणात रांगेत उभे असलेल्यांपैकी कुणी ना कुणी हे सदर वाचत असणार, कारण आपल्या होस्टेलवर हे मासिक यायचं. तुम्ही वर्कशॉपच्या पाटावरून पान्हा उचलताना बघितलंत. जिना चढताना बघितलंत. मी ओरडलो तेव्हा वर बघितलंत. आता तुमच्या नोकऱ्या लागल्या असतील, लग्नं ठरली असतील.

मला सहानुभूतीची पत्रं नकोत. तो आत्मा होता की वीज होती, हेही कळवू नका. सांगलीच्या कोर्टात या, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहा, आणि झेंडू बांधलेला पान्हा ज्या हातात होता, तो हात कुणाचा ते नाव घेऊन सांगा.