देवीचं नेसण

आमचा पंप दुरुस्त करणारे काका आधी पाना पुसतात, मग बोलतात. दसऱ्याला देवीचा तरंग, म्हणजे साड्या नेसवलेला उंच खांब, धरण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. त्याला बाईने हात लावायचा नाही, या नियमाविरुद्ध मी पत्रकं वाटली होती. त्यातलं एक काकांनी पाना पुसायला ठेवलं.

यंदा देवळातच तरंगाचं नेसण सुटलं. पुरुषांना निऱ्या जमेनात. काकांनी बायकोला हाक मारली, "गो, हंय ये. निऱ्या घाल."

"बायल माणसान हात लावचो नाय! मान जायत तुझो," बाकीचे मानकरी ओरडले.

"मगे देवी कोण आसा?" काकांनी विचारलं.

काकींनी शांतपणे निऱ्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी काका पंपाकडे आले. गावाने मान काढून घेतला होता.

"नेसण बरा बसला," ते म्हणाले, आणि माझ्या पत्रकाने पाना पुसू लागले.