सेनापतीचा कोंबडा

जव्हारच्या चौकात सेनापतीचा पुतळा उभा राहिला, तेव्हा मी एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. पुतळा ब्राँझचा, घोड्यावर बसलेला, हातात उपसलेली तलवार. सेनापती घाटातल्या एका लढाईत पडला, एवढी माहिती स्मारक समितीकडे होती. लढाई कोणाशी झाली, यावर समितीत दोन मतं होती. म्हणून पाटीवर नुसतं ‘शत्रूशी’ कोरलं. घोडा धष्टपुष्ट होता. इतकं पोटभर खाल्लेलं जनावर मी आमच्या तालुक्यात पाहिलेलं नाही.

समितीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. मूळचे पोशेऱ्याचे, आता जव्हारकर. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. चौथऱ्यासाठी त्यांनी जी जागा निवडली, तिथे त्यांच्याच गावची एक म्हातारी बाजाराच्या दिवशी बसायची. पावसाळ्यात रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदं, एरवी नागली नाहीतर उडीद. एसटीतून उतरलेलं गिऱ्हाईक आधी तिच्यासमोर यायचं, म्हणून दुपारपर्यंत तिच्या टोपल्या रिकाम्या व्हायच्या. सुशोभीकरणासाठी तिला मटणाच्या दुकानांमागे हलवलं. तिथे माशा यायच्या, गिऱ्हाईक यायचं नाही. पहिल्या बाजारी तिने भरल्या टोपल्या परत नेल्या. नंतरच्या बाजारीही तेच झालं.

अनावरणाला मंत्री हवे होते. मंत्र्यांची तारीख मिळायची आणि जायची. अनावरणाची बातमी मी तीनदा लिहिली, तिन्ही वेळा ‘उत्साहात पार पडले’ हे शब्द आधीच घालून ठेवले. पुतळा मात्र निळ्या ताडपत्रीत, नायलॉनच्या दोरीने आवळलेला. दिवाळीत बांधला, होळी आली तरी तसाच. वाऱ्याने ताडपत्री खालून फाटली आणि घोड्याचे खूर तेवढे लोकांना दिसू लागले.

एका बाजारी सकाळी गुरुजींचा फोन आला. “लगेच या. आणि काही छापू नका.”

घोड्याच्या पुढच्या खुराला तेलात कालवलेला शेंदूर फासला होता. चौथऱ्याच्या ग्रॅनाइटवर फुटका नारळ, रक्ताचे थेंब आणि कोंबड्याची पिसं. म्हातारी शेजारीच उभी होती.

“हे तू केलंस?” गुरुजींनी विचारलं.

“मीच. तुमी कोणी केलं नाय म्हणून.”

“अगं, हे थोर पुरुष आहेत. देव नाहीत.”

“लढाईत मेला ना?”

“वीरगती प्राप्त झाली.”

“म्हंजी मेलाच. मंग घोड्यावर बसवलात का?”

उत्तर म्हातारीने स्वतःच दिलं. “आमी वीर बसवतो तवा त्याच दिवशी त्याचा मान देतो. तुमी दिवाळीपासनं उपाशी ठेवलाय. वर तोंड बांधलंय.”

पाड्यांवर ही रीत आहे. घरातला माणूस गेला की दगडावर किंवा लाकडावर घोडेस्वार कोरून बांधावर उभा करतात, वर चंद्र-सूर्य. त्याला वीर म्हणतात. सणाला शेंदूर, नारळ, कोंबडा द्यायचा. गुरुजींना हे माहीत नव्हतं असं नाही.

“तुमच्या आज्याचा वीर हाय ना बांधावर?” ती म्हणाली. “त्याला कोण देतो? माझाच पोरगा देतो. तुमी इकडं समित्या करा.”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी वही खिशात ठेवली.

मग पुसापुशीची तयारी सुरू झाली. सफाई कामगाराने झाडू खाली ठेवला. “वीराचा शेंदूर मी काढायचा नाय, गुरुजी. माझ्या घरात पोरं हायत.” शिल्पकाराने फोनवर सांगितलं, घासलात तर पांढरा डाग पडेल, तो कायमचा. मंत्र्यांच्या स्वीय सहायकाने सर्वांत कमी शब्दांत सांगितलं, “पुसतानाचा एक फोटो बाहेर गेला तर साहेबांना इकडे मतं मागता येतील का? हात लावू नका.”

पुढच्या बाजारी एसटीतून उतरणारे लोक सरळ चौथऱ्याकडे गेले. सूर्यमाळ गावच्या दोघींनी तांदूळ वाहिले. एकाने कोंबडा आणला, गुरुजींनी हात जोडून परत पाठवला. संध्याकाळपर्यंत खोबऱ्यावर कुत्री जमली. हे सगळं आवरायचं कोणी, असा प्रश्न समितीपुढे आला. सफाई कामगार म्हणाला, ज्याने पहिला मान दिला त्यानेच पुढे बघायचं. दुसऱ्याचा हात चालत नाही.

त्यामुळे गुरुजी मटणाच्या दुकानांमागे गेले. मीही गेलो.

“बाई, तेवढं तू बघशील का? नारळ उचलायचे, झाडायचं. कोंबडा मात्र घरी.”

“बघीन की. पन इथनं कसं दिसंल मला?”

“मग?”

“जवळ बसावं लागंल.”

“चौथऱ्याभोवतीच्या कठड्याबाहेर बस.”

“बाहीर कुत्री हायत.”

दोन दिवसांनी समितीने ठराव केला: स्मारकाचे पावित्र्य राखण्यासाठी कठड्याच्या आत एका स्थानिक महिलेस बसण्याची मुभा. ठरावाची भाषा मीच दुरुस्त करून दिली.

मान द्यायचं खरंच मनात होतं की जागेसाठी केलं, असं मी तिला एकदा विचारलं. “कोंबडा माझ्या घरचा होता,” ती म्हणाली. “उगा कोन देतो?” बातमीदाराला हे उत्तर पुरेसं नसतं. दुसरं मिळालं नाही.

शेवटी मंत्री आले. ताडपत्री ओढली. ती तलवारीत अडकली, ओढणारे चौघे झाले. साहेब हार घेऊन चौथऱ्याची पायरी चढणार, एवढ्यात आतून आवाज आला, “साहेब, चपला.” त्यांनी बूट काढले. मागोमाग स्वीय सहायकाने, मग सगळ्या समितीने. गुरुजींच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तो फोटो मी पाठवला नाही.

आता बाजाराच्या दिवशी ती घोड्याच्या सावलीत बसते. एसटीतून उतरलेला माणूस नमस्काराला वाकतो आणि वाकलेलाच भाजीचा भाव विचारतो. मध्यंतरी भाजीवाल्या एका शेजारणीने आपली टोपली कठड्यावरून आत सारली.

“सरक ना गं मावशे, मलाबी बसू दे.”

म्हातारीने टोपली उचलून परत बाहेर ठेवली.

“आधी तुझा वीर आन.”