होडी बैलगाडी समजण्यात यावी

“नर्सबाई, यादीत बैलगाडी आहे. होडी नाही,” साहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

मालवणजवळच्या एका खाडीकाठी सरकारी दवाखान्यात मी नर्स. साहेब रत्नागिरीहून तपासणीला आलेले. बाळंतिणीच्या घरी जायचं तर मंजूर वाहनानेच. होडीने गेले तर गैरहजेरी लागते. एकदा मेमोही मिळाला. मेमो म्हणजे लेखी दम. आणि पलीकडच्या गावाला होडीशिवाय वाट नाही! तिथे शेवंतीचे दिवस भरत आले होते. पहिलं मूल अडून गेलेलं.

मी संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं वाटलेली मुलगी. गप्प कशी बसेन?

“राज्य नवं झालं साहेब, यादी जुनीच. करणाऱ्याने खाडी पाहिली होती का?”

“प्रस्ताव पाठवा.”

“दोनदा पाठवला.”

“योग्य मार्गाने?”

योग्य मार्ग म्हणजे कागद तालुक्याला, तिथून जिल्ह्याला आणि शेरा घेऊन परत माझ्याच टेबलावर.

पलीकडच्या गावची सुईण सत्यभामाकाकी दारात उभी राहून ऐकत होती. ती निघून गेली आणि चक्क बैलगाडी घेऊन आली.

“सायबानू, आमचो गाव बघूचो आसा मां? बसा.”

साहेब बसले. गाडी उतारावरून सरळ खाडीत! पाणी आसाला लागलं.

“अहो, थांबवा!”

“थांबवू कित्याक? तुमच्या यादीत हीच आसा.”

काठावर हशा पिकला. साहेब लालबुंद. “काकी, ही नर्स तुमचंच काम नेणार. तुम्हांला काय एवढं पडलंय?”

“शेवंतीचो झील माझ्या हातार गेलो, सायबानू. ह्या येळार माका ही बाय व्हयी.”

साहेब गाडीतून उतरून होडीत बसले आणि मांडीवर कागद घेऊन लिहिलं: ‘या खाडीपुरती होडी ही बैलगाडी समजण्यात यावी.’

मी उसळले. “हे काय? यादी बदला ना!”

“यादी बदलेपर्यंत मी पेन्शनीत जाईन. तुम्हांला बाळंतपण करायचंय ना?”

शेवंतीला मुलगी झाली. पायाळू, पण ठणठणीत. उभा जन्म सुईणपण केलेली काकी तेव्हा माझ्या हाताखाली राबली. मी सांगेन ते धरलं, सांगेन तेव्हा सोडलं. एवढा मोठेपणा मी भाषणांत ऐकला होता, पाहिला तिथेच.

यादी अजून तीच आहे. सरकार हलवायला पत्रकं पुरतात, असं मला वाटायचं. दप्तर हलवायला सत्यभामाकाकी लागते. आणि ते पद कुठल्याच तालुक्याला मंजूर नाही.